फडा, ब्रश आणि हवा : जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवताना आणि तपासताना



आज थोडा वेगळा विषय घेतला आहे. जुने व्हॅक्यूम क्लीनर आणि गालिचा झाडायचे विजेवरचे ब्रश. ढोकीसारख्या गावात हा विषय कुठून निघाला, असं कुणालाही वाटेल. मलाही कुणी दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी हसलेच असते. पण आज आमच्या शाळेच्या कपाटात असे तीन नग आहेत. त्यांच्यावर चौथीच्या मुलांसोबत परिसर अभ्यासाचे सहा-सात तास मस्त गेले. त्यात काय केलं, काय चुकलं, ते लिहिते.

सुरुवात एका खोकल्यापासून झाली. वर्गातल्या एका मुलाला दमा आहे. सकाळी वर्ग झाडायला घेतला की तो दप्तर टाकून बाहेर पळायचा आणि कडुनिंबाखाली उभा राहायचा. परिपाठ संपेपर्यंत त्याचा आवाज घोगराच. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण आपल्याकडची धूळ काय असते ते तुम्हाला ठाऊक आहे. ऊस तोडणीच्या दिवसांत रस्त्यावरून ट्रॉल्या सुरू झाल्या की बाक पुसून हात फिरवेपर्यंत पुन्हा थर. त्यातच पुण्याचे माझे चुलत दीर घर बदलत होते. त्यांच्या माळ्यावर १९८०च्या दशकातला व्हॅक्यूम क्लीनर पडून होता. "भंगारात द्यायचा का तुला हवाय?" असा फोन आला. मला लगेच तो मुलगा आठवला. मशीन एसटीच्या डिकीतून ढोकीच्या स्टँडवर आलं. हे मशीन वर्गात फिरवलं की पोराचा त्रास संपला, अशा भ्रमात मी होते.

मशीन बाकावर ठेवलं. मुलांनी चहूबाजूंनी बघितलं. पहिला प्रश्न आला, "मॅडम, ह्यात झाडू कुठंय?"

प्रश्न एकदम बरोबर होता. कारण त्यात झाडू नव्हताच.

झाडणारं आणि ओढणारं

बरेच जण कार्पेट स्वीपर आणि व्हॅक्यूम क्लीनर एकच समजतात. मीही समजत होते. पण दोघांचं काम वेगळं आहे. स्वीपरमध्ये आडवा गोल ब्रश असतो. तो फिरतो आणि कचरा उचलून पोटातल्या डब्यात फेकतो. म्हणजे सुपलीसकट झाडूच, फक्त चाकावर बसवलेला. हाताने ढकलायचा असेल तर चाकं ब्रशला फिरवतात. विजेवरचा असेल तर छोटी मोटार फिरवते. हवा ओढण्याचा त्यात संबंध नाही.

व्हॅक्यूम क्लीनरमध्ये मोटार पंखा फिरवते, तोही अतिशय वेगाने, मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे असा. पंखा आतली हवा मागे फेकतो, आत दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा नळीतून आत घुसते. धूळ तिच्यासोबत जाते. मग हवा पिशवीच्या कापडातून बाहेर पडते आणि धूळ पिशवीत राहते. निदान राहायला हवी! त्यावर पुढे येते.

"मशीन धूळ ओढतं" असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरची हवा तिला आत ढकलते. हे मुलांना पटवायला आम्ही गवंड्याचा पारदर्शक लेव्हल पाईप आणला. त्याचं एक टोक पाण्याच्या बादलीत, दुसरं टोक जिन्यावरून उंच नेऊन मशीनच्या नळीला सायकलच्या ट्यूबने घट्ट बांधलं. मशीन चालू केल्याबरोबर पाणी पाईपात सरसर चढलं आणि माझ्या खांद्याच्या जरा वर येऊन थांबलं. आणखी वर जाईना. घरगुती मशीन साधारण दोन मीटरपर्यंत पाणी चढवतं. हवा पूर्ण काढता आली असती, तर पाणी सुमारे १० मीटर चढलं असतं. म्हणजे नाव 'व्हॅक्यूम', पण पोकळी अर्धीसुद्धा नाही. मुलांनी लगेच ठरवलं की मशीनचं नाव खोटं आहे.

हा प्रयोग करणार असाल तर पाईप तीन मीटरहून उंच न्या, नाहीतर पाणी मोटारीत जाईल. आणि चार-पाच सेकंदांवर चालवू नका. तोंड बंद झालं की मशीनचा आवाज चढतो. मुलांना वाटलं, मोटारीला जोर पडतोय. उलट आहे. हवा ओढायचं काम थांबल्यामुळे तिच्यावरचा भार कमी होतो, म्हणून ती जास्त वेगाने फिरते. पण त्याच हवेने ती थंड होत असते, म्हणून लवकर तापते.

कोणत्या जमिनीसाठी?

आता थोडा इतिहास, पण सनावळी म्हणून नको. प्रत्येक मशीनला एकच प्रश्न विचारायचा : तू कोणत्या जमिनीसाठी जन्माला आलास?

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावात मेल्व्हिल आणि ॲना बिसेल या नवरा-बायकोचं चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान होतं. भांडी लाकडाच्या भुशात बांधून यायची. खोकं उघडलं की भुसा गालिच्यात रुतायचा, झाडूने निघायचा नाही. त्यातून मेल्व्हिलने १८७६ साली हाताने ढकलायच्या स्वीपरचं पेटंट घेतलं. ब्रशाचे झुबके बांधायचं काम गावातल्या बायका घरी करायच्या आणि त्याची सगळी व्यवस्था ॲना बघायच्या. १८८९ साली नवरा वारल्यावर कारखाना त्यांनीच चालवला. आमच्या मुलींना ही गोष्ट फार आवडली.

दुसरी गोष्ट लंडनची. १९०१ साली ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने हवा फुंकून धूळ उडवणारं एक यंत्र पाहिलं. त्याच्या मनात आलं, फुंकण्यापेक्षा ओढून घेतली तर? त्याने हॉटेलातल्या खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल ठेवला आणि तोंडाने जोरात श्वास ओढला. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटला. (मुलांनी हा प्रयोग लगेच सतरंजीवर केला. मी नको म्हणायच्या आत.) बूथचं पहिलं मशीन घोडागाडीएवढं होतं. पेट्रोलच्या इंजिनावर चालायचं, रस्त्यात उभं राहायचं, आणि खिडकीतून लांब नळ्या घरात सोडायचे. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १९०२ साली, वेस्टमिन्स्टर ॲबीचे गालिचे त्याने साफ केले.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जवळची वाटते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावात जेम्स मरे स्पँग्लर हा माणूस एका मोठ्या दुकानात झाडलोट करायचा. त्याला दम्याचा त्रास होता. गालिचा झाडताना उडणाऱ्या धुळीने जीव हैराण. १९०७ साली त्याने पंख्याची मोटार, लाकडी खोकं, झाडूचा दांडा आणि उशीची खोळ एवढं जमवून एक मशीन केलं. पुढे फिरता ब्रश, मागे हवा ओढणारा पंखा, आणि धूळ साठवायला ती खोळ. १९०८ साली पेटंट मिळालं. पैसा मात्र नव्हता. त्याच्या नात्यातल्या सुसान हूव्हर यांनी मशीन वापरून पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं. विल्यम हूव्हर यांचा धंदा घोड्यांच्या खोगिरांचा आणि चामड्याच्या सामानाचा, आणि रस्त्यावर मोटारी यायला लागलेल्या. त्यांनी पेटंट घेतलं. कंपनीचं तेव्हाचं नाव 'इलेक्ट्रिक सक्शन स्वीपर कंपनी'. म्हणजे झाडणारं आणि ओढणारं अशी दोन्ही यंत्रं त्या एका नावात आहेत. पुढे इंग्लंडमध्ये 'हूव्हर करणे' हे झाडण्याचंच दुसरं नाव होऊन बसलं.

ही गोष्ट सांगताना मी त्या मुलाकडे बघितलं नाही. पण तो बघत होता.

स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने १९२१ साली वेगळाच घाट आणला. आडवं नळकांडं, खाली घसरपट्ट्या, पुढे लांब नळी. फिरता ब्रश नाही. परदेशातले जुनी मशीनं जमवणारे लोक उभं मशीन चांगलं की नळकांड्याचं यावर तासन्‌तास वाद घालतात. मला वाटतं, उत्तर मशीनमध्ये नाही, जमिनीत आहे. जिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा ठोकलेला, तिथे ब्रशवालं उभं मशीन चाललं. जिथे लाकडी जमीन आणि वर सुटे गालिचे, तिथे नळकांडं.

आपल्याकडे आलं ते नळकांडंच. १९८२ साली टाटांची फोर्ब्स आणि इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून युरेका फोर्ब्स सुरू केली आणि 'युरोक्लीन' मशीनं दारोदार जाऊन विकली. टाय लावलेला तरुण बेल वाजवायचा, गादीवरून नळी फिरवायचा आणि निघालेली धूळ दाखवायचा. पुण्या-मुंबईच्या कितीतरी मराठी घरांत हा प्रसंग झालेला आहे. दिरांनीही मशीन असंच घेतलं होतं. "तुझ्या जाऊबाईंना ती धूळ बघून त्या रात्री झोप आली नाही," ते सांगत होते. लक्षात घ्या, दाखवायला गादी लागली. फरशीवर दाखवलं असतं, तर जाऊबाईंनी कुंचा आणून तेवढाच केर तेवढ्याच वेळात काढून दाखवला असता.

आमची तुलना

तोपर्यंत आणखी दोन नग आले होते. एक हाताने ढकलायचा स्वीपर, लातूरला भंगाराच्या दुकानात वजनावर मिळाला. दुसरा विजेवरचा स्वीपर, मैत्रिणीच्या न्यू जर्सीच्या बहिणीने पाठवलेला, बॅटरी आत आणि चार्जर वेगळा. त्याच्या बाबतीत मी मोठी चूक केली. पिन बसत नव्हती म्हणून अडॅप्टर लावला आणि सरळ बोर्डात घातला. दोन मिनिटांत चार्जरमधून धूर. अमेरिकेची वीज १२० व्होल्ट, आपली २३०. तळाच्या पाटीवर स्पष्ट लिहिलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं. आणि मुलांना मी रोज सांगते की आधी प्रश्न नीट वाचा! सुदैवाने मोटार शाबूत होती. गावात विहिरीच्या मोटारी भरून देणारे एक भाऊ आहेत. त्यांनी जुनी बॅटरी काढून टाकली, ६ व्होल्टची दुसरी जोडली आणि ब्रश फिरायला लागला. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. एवढं तरी माझ्या खर्चातून लक्षात ठेवा.

मग किराणा दुकानाचा तराजू आणला. चाळलेली वाळू, चुलीची गार राख, दोऱ्याचे तुकडे आणि कागदाचा चुरा असा कचरा मोजून तयार केला. एकदा तो शाळेच्या सतरंजीवर पसरला, एकदा शहाबादी फरशीवर. तीन मशीनं आणि एक आपला फडा (पुण्याकडे केरसुणी म्हणतात ती). प्रत्येकाला सारखाच वेळ, आणि निघालेला कचरा तराजूत.

सतरंजीवर दोन्ही स्वीपरनी दोरे आणि कागद झटकन उचलले, पण निम्म्याहून जास्त वाळू सतरंजीतच. विजेच्या स्वीपरने हाताच्या स्वीपरपेक्षा थोडंच जास्त काढलं, म्हणजे मोटार असली तरी काम ब्रशचंच. व्हॅक्यूमने वाळू छान ओढली, पण दोरे विणीला धरून बसले, कारण त्याला ब्रश नाही. स्पँग्लरने ब्रश आणि हवा दोन्ही एकत्र का ठेवले, ते इथे मुलांना न सांगता कळलं. फरशीवर मात्र स्वीपर हरले. राख त्यांनी नुसती सारवली. फडा आणि व्हॅक्यूम जवळजवळ बरोबरीत, आणि बाकाच्या पायांजवळ, कोपऱ्यात फडाच पुढे.

सगळं झाल्यावर दोन पोरांनी सहज ती सतरंजी उचलली, पटांगणात नेली आणि चार टोकं धरून झटकली. व्हॅक्यूम फिरवून झालेल्या सतरंजीतून पुन्हा वाळू पडली! सगळे हसले. पण हाच धडा होता. आपली सतरंजी, जाजम, चटई उचलता येते. ज्यांचा गालिचा जमिनीला ठोकलेला आहे, त्यांना मशीन लागलं. शेणाने सारवलेल्या घरात तर हे मशीन सारवणच उकरून नेईल. म्हणून "कोणतं मशीन चांगलं?" हा प्रश्न अर्धाच आहे.

पिशवीच्या मागून काय येतं

आता त्या मुलाचा खोकला. मशीन आल्यावर पहिला आठवडा आम्ही रोज सकाळी वर्गात फिरवलं. जमीन दिसायला स्वच्छ. पण तो तरी खोकायचाच, दोन दिवस तर जास्तच. कारण शोधायला मुलांनी एक काळं ओलं फडकं मशीनच्या मागच्या झरोक्यासमोर धरलं. पाच मिनिटांत फडक्यावर पांढुरका थर. खडूची भुकटी! पिशवी साध्या कापडाची. वाळू, केस, कागद तिच्यात अडकतात, पण सगळ्यात बारीक धूळ कापडातून आरपार जाते आणि पंखा ती जोरात खोलीभर पसरवतो. फडा झाडताना धूळ निदान गुडघ्याएवढी उडते. हे मशीन ती सगळ्या वर्गाला वाटत होतं.

आजच्या बऱ्याच मशीनमध्ये हेपा गाळणी असते. खरी हेपा असेल तर ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. जुन्या मशीनमध्ये तसं काही नाही. घरात दम्याचं माणूस असेल तर हौसेने आणलेलं जुनं मशीन त्याच्याजवळ अजिबात चालवू नका. मी ते चालवलं होतं, चांगल्या हेतूने, आठवडाभर.

पिशवीच काढून टाकायचा प्रयत्न जेम्स डायसन यांनी केला. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी ५,१२७ नमुने करून पाहिले आणि १९९३ साली इंग्लंडमध्ये त्यांच्या नावाचं पहिलं मशीन आलं. त्यात हवा शंकूत गरगर फिरते, धूळ कडेला फेकली जाते आणि खाली पडते. मुलांना हे समजावायला लातूरच्या डाळ मिल कामाला आल्या. मिलच्या छपरावर पत्र्याचे मोठे शंकू दिसतात ना, ते हेच काम करतात. एकाचे वडील तिथे हमाल आहेत. त्याने फळ्यावर येऊन शंकूचं चित्र काढलं, माझ्यापेक्षा बरं.

मग आम्ही काय केलं? मशीन कपाटात गेलं. वर्ग सकाळी न झाडता शाळा सुटल्यावर, पाणी शिंपडून झाडायचा. फळा कोरड्या डस्टरने नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. आणि पाळी मुलगे-मुली दोघांची. आधी पाळीच्या यादीत सगळ्या मुलीच होत्या. ती यादी माझ्याच अक्षरात होती.

फड्याची आजी

तुलनेत फडा इतका चांगला ठरला, मग तो बनतो कसा, असा प्रश्न आला. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "माझी आजी बांधती." वर्षभरात हे तिने कधी सांगितलं नव्हतं. आपल्या भागात फडे आणि दोर करायचं काम मातंग समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. त्या कामाकडे लोक कसे बघत आले, ते पोरीला दहाव्या वर्षीच कळलेलं असतं.

आजी आल्या. सोबत शिंदीच्या पानांचा भारा. पानं कशी चिरायची, पीळ कसा द्यायचा, मुठीशी बांध किती घट्ट हवा, हे बोलत बोलत अर्ध्या तासात फडा तयार. अंगणासाठी तुराट्यांचा खराटा वेगळा, तो घरात का चालत नाही, तेही सांगितलं. त्यांना व्हॅक्यूम चालवून दाखवला. त्यांनी नळी हातात घेऊन बघितली, आवाज ऐकला, वजन उचलून बघितलं. मग विचारलं, "लाइट गेल्यावर काय करतेत?" आमच्या तुलनेच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. घातला.

एका पोराने विचारलं, "मॅडम, लक्ष्मीपूजनाला नव्या फड्याला हळदकुंकू लावतेत. ह्या मशीनला लावायचं का?" मी आजींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "लाव की. काम तर तेच करतंय."

जमवायचं असेल तर

हे वाचून कुणाला जुनी मशीनं जमवावीशी वाटली तर आनंदच आहे. अमेरिकेत मिसुरी राज्यात सेंट जेम्सला फक्त व्हॅक्यूम क्लीनरचं संग्रहालय आहे. जोधपूरजवळ कोमल कोठारींच्या कल्पनेतून उभं राहिलेलं 'अरना झरना' हे संग्रहालय चक्क झाडूंसाठी ओळखलं जातं. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते अशा रोजच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९६२ साली त्या शासनाला दिल्या. आणि आपल्या शेजारी तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातले पुरावशेष जमवले नसते तर तिथलं संग्रहालयच झालं नसतं. मुलांची सहल तिथे न्या, आणि "आज आपण भंगारात काय देतोय?" एवढं विचारा.

मशीन हाती आलं की आधी तळाची पाटी वाचा. व्होल्ट, वॅट, कुठे बनलं, क्रमांक. पाटीचा फोटो काढून ठेवा, ती लवकर निखळते. वॅट जास्त म्हणजे ओढ जास्त, असं समजू नका. तो विजेचा खर्च आहे. युरोपीय संघाने २०१४ साली १,६०० आणि २०१७ साली ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तिथले गालिचे साफ होतातच. वायरचं रबर तडकलेलं किंवा कापडी आवरण उसवलेलं असेल तर जाणकाराकडून बदलून घेतल्याशिवाय पिन लावू नका, आणि मुलांच्या हातात तर नाहीच. पिशवी फेकू नका. बाहेर नेऊन, तोंडाला रुमाल बांधून उलटी करा. आमच्या पुण्याच्या मशीनच्या पिशवीत एक निळा मणी, दोन टाचण्या आणि दहा पैशांचं नाणं निघालं. मणी जाऊबाईंच्या लेकीच्या लहानपणच्या माळेतला होता. ती आता तिशीची आहे, तिला फोटो पाठवला.

वस्तूला चिठ्ठी लावताना नाव आणि साल एवढंच लिहू नका. कुणाकडून आली, कोणत्या जमिनीवर चालली आणि कोण चालवायचं, हेही लिहा. आमच्या कपाटात आता तीन मशीनं आणि आजींचा फडा आहे. चिठ्ठ्या मुलांनीच लिहिल्या. फड्याच्या चिठ्ठीवर आजींचं नाव त्यांच्या नातीने स्वतः लिहिलं, शाईच्या पेनाने. व्हॅक्यूमची चिठ्ठी त्या खोकणाऱ्या मुलाने मागून घेतली. त्याने लिहिलंय : "पुण्याची फरशी आणि गादी. काकू चालवायच्या. मागून धूळ येते, लांब बसावे."